घोडनदीचा गोरा सत्पुरुष

प्रिय मंदा,

लेकीला ग्लासगोच्या शाळेत सांगायला आपल्याकडची भुताची गोष्ट हवी, म्हणून तू शनिवारवाड्याची काढलीस. नको गं ती! 30 ऑगस्ट 1773 ला तिथे गारद्यांनी कापून काढला तो नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा होता, घरात बायको गरोदर होती. त्याच्या मरणाच्या किंकाळ्यांची लोकांनी करमणूक करून टाकली, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यापेक्षा तिला आमच्या घोडनदीची, म्हणजे शिरूरची, गोष्ट सांग. तू पडलीस दौंडची. तुम्हाला भीमेपलीकडचा पेडगावचा बहादूरगड, संभाजीराजांना कैद करून आणलं ती जागा, एवढंच ठाऊक.

शिरूरला पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांची छावणी होती. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला पेशव्यांशी लढलेली पलटण आदल्या रात्री इथूनच निघाली. त्याच्या आधी, 1809 मध्ये, कर्नल विल्यम वॉलेस इथे वारला आणि इथल्याच मातीत गेला. 1803 ला असईच्या लढाईत तो जनरल वेलस्लीच्या हाताखाली होता, शिंदे-भोसल्यांच्या फौजांविरुद्ध. पुढच्या वर्षी त्याने होळकरांचं चांदवड घेतलं. म्हणजे चांगला वैरीच की!

आणि लोकांनी त्याला नाव काय दिलं? सत्पुरुष. 1885 च्या पुणे गॅझेटियरात नोंद आहे बघ: ब्राह्मण आणि मारवाडी वाणी सोडले, तर शिरूरचे आणि आसपासच्या खेड्यांतले सगळे हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करत. सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य तिथे जाई. मरून पाऊणशे वर्षं झाली होती, तरी.

आमच्या आजीला मी खळ्यावर पाहिलंय. रास झाली की आधी सुपात मूठभर बाजरी, वर हळदकुंकू, गुळाचा खडा, आणि मगच पोत्याला हात. कुणी खायच्या आत त्या जागेवाल्याचा, म्हणजे शिवाराच्या राखणदाराचा, वाटा बाजूला निघायचा. तोच वाटा वॉलेससाहेबाच्या थडग्यावर पोचत असणार. मला वाटतं, ज्याचं श्राद्ध घालायला मुलूखभर कुणी नाही, तो आपल्या शिवारात निजलाय म्हणजे त्याच्या पोटाचं आपणच बघायचं, असा हा सरळ हिशेब. भीती असेलच, मी नाही म्हणत नाही. पण नुसत्या भीतीपोटी कुणी कुणाला सत्पुरुष म्हणत नाही, मंदा. इथल्या साध्या माणसांचं हे मोठेपण मला शनिवारवाड्याच्या शंभर किंकाळ्यांहून मोलाचं वाटतं.

आता तुझं काम. वॉलेस 74 व्या पलटणीचा. ती 1881 मध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिळाली, आणि ती तर तुमच्या ग्लासगोचीच पलटण. लेकीला घेऊन तिथल्या एखाद्या संग्रहालयात चौकशी कर. त्याचं चित्र, पत्र, काही मिळालं तर फोटो धाड. आणि त्याच्या माणसांपैकी कुणी भेटलंच, तर सांग त्यांना, शिरूरकरांनी त्याला उपाशी ठेवलं नाही.

तुझी,
सुमन