कोरगावची गाज आणि हरमलच्या लाटा

गोमंतकाच्या अगदी उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधोमध पेडणे महाल वसला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. गोव्याच्या जुन्या काबिजादींपेक्षा सुमारे अडीच शतके उशिरा गेल्यामुळे येथील देवळे, उत्सव, दशावतार आणि घरातली मराठी यांचा धागा फारसा तुटला नाही. याच महालात कोरगाव आहे. श्रीदेव कमळेश्वराचे देऊळ, नारळी-पोफळीची कुळागरे, काजूच्या टेकड्या आणि तेरेखोलच्या बाजूला उतरत गेलेली भाताची खाजने अशी या गावाची ठेवण. गोव्याची चित्रे विकणाऱ्या दुकानांत त्याचे चित्र मिळत नाही, याबद्दल आम्हांला तरी खेद वाटत नाही.

कोरगावातून समुद्र दिसत नाही. मध्ये सडा आडवा येतो. परंतु वैशाख सरत आला की रात्री दिवे मालवल्यावर तो ऐकू येऊ लागतो. एरवी जो आवाज माडांच्या सळसळीत हरवून जातो, तो अशा वेळी एकसारखा, खोल आणि जवळचा वाटतो. गावातील वडीलधारी माणसे अंगणात बाजेवर पडल्यापडल्या ही गाज कोणत्या अंगाने येते याकडे कान लावतात आणि पावसाचा अदमास बांधतात. आगोटीची सगळी घाई त्या अदमासावर चालते. शाकारणी उरकायची, भिरंडे उन्हात वाळवायची, सुकी मासळी, मीठ, लाकडे भरून ठेवायची. गोव्यात या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात.

आमच्या वाचकांचा आणि या ऋतूचा संबंध जुना आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेंगळूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कितीतरी मराठी घरे अशी, की त्यांचे कुलदैवत गोमंतकात आहे आणि मुलांना शाळेची सुटी मे महिन्यात मिळते. म्हणजे देवदर्शन, आंबे, फणस आणि समुद्रस्नान हे सारे वैशाखाच्या उत्तरार्धात एकत्र येते. पूर्वी पेडण्यास यायचे तर शिवोलीहून तरीने नदी उतरावी लागे. आता चोपड्याला पूल आहे, कोकण रेल्वेचे पेडणे स्थानक आहे, आणि जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या सड्यावर विमानेही उतरू लागली आहेत. प्रवास सोपा झाला. मुले मात्र आता केवळ घोटाभर पाण्यात उभी राहून परत येण्यास तयार नसतात. त्यांना फळी हवी असते.

ही फळी म्हणजे सर्फिंगची. लाट फुटण्याच्या बेतात असताना तिच्या उतारावरून फळीवर उभे राहून घसरत येण्याचा हा खेळ मुळात हवाई आणि पॉलिनेशियन बेटांवरचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो नांदू लागला तो कर्नाटकात, शांभवी नदीच्या मुखाशी असलेल्या मुल्की गावी. तेथे २००४ साली एका आश्रमाच्या आश्रयाने सर्फिंगचा क्लब निघाला. पुढे टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली हा खेळ प्रथमच खेळला गेला आणि त्याला प्रतिष्ठा आली. पेडण्यात हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या सलग किनाऱ्यावर आता त्याच्या शिकवण्या चालतात. हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. कोरगावाहून हरमलची पुळण वाहनाने पंधरा-वीस मिनिटांची. तेव्हा सुटीत आजोळी आलेल्या नातवाने तिकडे धाव घेतली तर नवल ते काय! प्रश्न एवढाच, की उन्हाळ्याच्या शेवटी तो समुद्र कसा असतो, आणि कोणत्या दिवशी आजीने ‘हो’ म्हणावे.

समुद्रावर लाटा एकाच ठिकाणाहून येतात असा आपला समज असतो. तसे नाही. मे महिन्यात हरमलला एकाच वेळी दोन घराण्यांच्या लाटा येतात. पहिले घराणे घरचे. दिवसा जमीन तापते, दहा-अकराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत जोर धरतो. तो जवळच्या पाण्याला खवळवतो. या लाटा आखूड, घाईच्या, चार-पाच सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या असतात आणि सूर्यास्तानंतर वाऱ्याबरोबरच निवतात. दुसरे घराणे फार लांबचे. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात जी वादळे सतत घोंघावत असतात, त्यांतून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर हिंदी महासागर ओलांडून नैऋत्येच्या बाजूने आपल्याकडे पोचतात. त्यांतले अंतर चौदा, सोळा, कधी अठरा सेकंदांचे असते. आपल्याकडे हिवाळा-उन्हाळा चालू असताना तिकडे दुसराच ऋतू असतो. एप्रिल-मेमध्ये तिकडचा हिवाळा सुरू होऊ लागतो आणि वादळांना बळ चढते. म्हणून आपल्या डोक्यावर स्वच्छ आकाश, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि तरी लाट मोठी, असा चमत्कार या दिवसांत दिसतो.

सोळा सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. दहा हजार किलोमीटरांना नऊ-सव्वानऊ दिवस लागतात. २०२४ साली हे अक्षरशः घडले. एप्रिलच्या २६ तारखेच्या सुमारास दक्षिण अटलांटिकमध्ये भारतापासून सुमारे दहा हजार किलोमीटर अंतरावर एक वादळी प्रणाली दिसली, दोन दिवसांत ती दक्षिण हिंदी महासागरात शिरली, तेथे अकरा मीटरपर्यंत उंचीच्या लाटा उठल्या, आणि ४ व ५ मेपर्यंत त्यांचा पसारा आपल्या किनाऱ्यावर येऊन ठेपला. केरळात अशा पाण्याला ‘कल्लकडल’ म्हणतात. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, ज्यास संक्षेपाने इन्कॉइस म्हणतात, आगाऊ इशारा दिलेला होता. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. एका विवाहासाठी आलेली ती मुले होती. सुटीतला समुद्र आणि इशाऱ्यातला समुद्र एकच असतो हे घरात कोणीतरी जाणून असावे, यासाठी हा प्रसंग येथे सांगितला.

या चोरट्या लाटांचा स्वभाव असा, की त्या समूहाने येतात. पाच-सात मोठ्या लाटा येऊन गेल्या की बराच वेळ पाणी निवांत असते. नवखा मनुष्य नेमका त्या निवांत वेळी किनाऱ्यावर पोचतो, ‘आज समुद्र शांत आहे’ असे म्हणतो आणि कमरेइतक्या पाण्यात जातो. यावर एक साधा उपाय आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी वाळूत दहा-पंधरा मिनिटे बसावे आणि घड्याळ लावून दहा लाटा मोजाव्या. दहा लाटा पाऊण-एक मिनिटात आटोपल्या तर ते घरचे, वाऱ्याचे पाणी. त्यात हुंदडणे फार तर नाकातोंडात खारे पाणी जाण्याइतके महाग पडते. दहा लाटांना अडीच मिनिटे लागली तर पाहुणे लांबून आले आहेत. त्या दिवशी मुलांच्या हाती फळीऐवजी आंब्याची फोड द्यावी.

आता दिवसाचा हिशेब. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पहाट ही सर्वांत चांगली वेळ. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहत असतो, तो लाटेचा माथा सावरून धरतो, पाणी काचेसारखे गुळगुळीत दिसते. साधारण मीटरभर उंचीच्या आतबाहेर लाटा, शिकणाऱ्याला पुरेशा आणि भीती न वाटण्याजोग्या. साडेनऊ-दहानंतर खारा वारा सुटला की पृष्ठभाग कुसकरल्यासारखा होतो आणि फळीवर उभे राहणे दुरापास्त. भरती-ओहोटीही ध्यानात घ्यावी. गोव्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरांहून अधिक असते, आणि त्या दिवशी भरती दुपारच्या सुमारास व ओहोटी पहाटे-संध्याकाळी येते. हरमलची पुळण सपाट असल्यामुळे पूर्ण ओहोटीत लाट फार दूर, वाळूच्या उथळ पट्ट्यावर एकदम कोसळते. पूर्ण भरतीत ती काठाशी येऊन आदळते. दोहोंच्या मधली वेळ शिकणाऱ्याला मानवते. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते, म्हणून मीटरभर लाटेला मुलांच्या छातीगळ्याइतके पाणी लागते. पोहता न येणाऱ्याने यातून काय समजायचे ते समजावे.

सगळे किनारे मात्र सारखे नाहीत. मांद्रे आणि आश्वे हे नवशिक्यांचे. मोरजीच्या दक्षिण टोकाशी शापोरा नदी समुद्राला मिळते. तेथे ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी जोराने बाहेर ओढले जाते, तेव्हा टोकाकडे फिरकू नये. शिवाय मोरजी आणि मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि हंगामाच्या शेवटची पिल्ले उन्हाळ्यातही बाहेर पडतात. राखलेल्या पट्ट्यावर फळ्या, खुर्च्या आणि दिवे नेऊ नयेत. उत्तरेकडे केरीला तेरेखोलचे मुख आहे. पलीकडे किल्ला, अलीकडे सुरूची झाडे, असे मन मोहून टाकणारे दृश्य. परंतु समुद्र तेथील काठ वर्षानुवर्षे खात आहे, सुरूची मुळे उघडी पडली आहेत, आणि प्रवाह बेभरवशाचा आहे. केरी पाहावी, तेथे पोहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उघड्या पुळणीवरही एक धोका असतो, तो ओढीचा. लाटांनी काठाकडे लोटलेले पाणी परत जाण्यास वाट शोधते आणि वाळूच्या दोन पट्ट्यांमधल्या खोलगट भागातून वेगाने आत जाते. आश्चर्य असे, की हाच भाग दुरून सर्वांत शांत दिसतो, कारण तेथे लाट फुटत नाही. अशा ओढीत सापडल्यास काठाकडे तोंड करून झुंजू नये. काठाला समांतर पोहत बाजूला जावे, नाहीतर तरंगत राहून हात वर करावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल बावटा लागला असता त्यांच्याशी वाद घालणारी सुशिक्षित कुटुंबे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांत आपली मराठी भाषा ऐकून मान खाली गेली आहे.

मेच्या वीस तारखेनंतर चित्र पालटते. नैऋत्येचा वारा अरबी समुद्रात जमू लागतो. पाऊस यायच्या आधी त्याची लाट येते. मोसमी पाऊस गोव्यात साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, पण पंचांग त्याला बांधून ठेवू शकत नाही. २०२५ साली तो २५ मे रोजीच गोवाभर पसरला होता. २०२१ मध्ये १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले; २०२३ मध्ये जूनच्या आरंभी बिपरजॉय दहा दिवस अरबी समुद्र घुसळत राहिले. जून २००० मध्ये तर ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे भलेमोठे जहाज याच ऋतूच्या तडाख्यात बारदेशातील कांदोळीच्या वाळूत येऊन रुतले आणि बारा वर्षांच्या आसपास तेथून पुरते हलले नाही. जहाजाची ही गत, तर फळीची काय कथा! पावसाळ्यात लाटांची उंची दोन-तीन मीटर आणि वादळात त्याहून अधिक होते. म्हणून फळीच्या शाळा मेअखेर दारे लावतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि होड्या माडाखाली ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात. ज्यांची सुटी मेच्या शेवटच्या आठवड्यात पडते, त्यांनी सर्फिंगचा बेत मनात धरून येऊ नये. इन्कॉइसचा लाटांचा अंदाज रोज पाहावा आणि एखादी बरी पहाट मिळाली तर तो कमळेश्वराचा प्रसाद समजावा.

कोरगावकरांना मात्र या लाटांकडे पाठ फिरवता येत नाही, समुद्र दिसत नसला तरी. उधाणाचे पाणी तेरेखोलच्या मुखातून आत शिरते आणि खाजनांच्या बांधांपर्यंत चढते. हे बांध मातीचे, त्यांत ‘मानस’ नावाची लाकडी दारे. भरतीला ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. त्यामागे कोरगूट नावाचे खारेपण सोसणारे भात पिकते. बाहेर लाटांचा जोर, वर अमावास्येचे उधाण आणि नदीला डोंगरातला पूर अशी तिन्ही पाणी एकत्र आली की बांध फुटण्याचे भय. एकदा खारे पाणी आत पसरले की जमीन पुन्हा गोडी धरायला पावसाळे जावे लागतात. म्हणून फळीवाला तरुण ज्या आकड्यांकडे आशेने पाहतो, त्याच आकड्यांकडे खाजनवाला काळजीने पाहतो. तरुण पिढीतील काही जण दोन्ही कामे करतात, हे आम्हांला विशेष वाटले.

पाश्चात्त्य देशांत ज्याला उन्हाळ्याचा शेवट म्हणतात तो ऑगस्ट-सप्टेंबर, म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद. त्या हिशेबाने परदेशी राहणाऱ्या आमच्या वाचकांनी गणपतीला येण्याचे योजिले असेल तर त्यांनी इतके ध्यानात ठेवावे, की नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला म्हणून तो लगेच शांत होत नाही. लाल बावटे सप्टेंबर सरेपर्यंत असतात. पावसाळ्यात पुळणीवरची वाळू लाटांनी आत ओढून नेलेली असते आणि पाण्याखाली तिचे पट्टे तयार झालेले असतात. ऑक्टोबरात वारा पडतो, लांबची लाट थोडी उरलेली असते आणि या पट्ट्यांवर ती फार सुरेख, एका अंगाने उलगडत फुटते. दिवाळीच्या सुटीत चार दिवस काढता आले तर हरमलची पहाट तेव्हा पाहावी. पेडणे स्थानकावर सकाळी उतरणाऱ्यास कोरगावात न्याहारी करूनही ती दुसऱ्या दिवशी सहज साधते. आणि न्याहारीला नव्या कोरगूटची पेज मिळण्याचा तोच काळ.