दोड्डमनी

आमचं शेतघर धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोनेक मैल आत आहे. पुढे कौलारू पडवी, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे, माजघराच्या भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं, तीन खणांचं एक बुटकं माळवद. त्या माळवदात आमच्या जुन्या कुळाचं कुटुंब राहतं. त्यांतले अज्जा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची माणसं त्या तीन खणांना ‘दोड्डमनी’ म्हणतात. लहानपणी आम्हा भावंडांना याचं फार हसू यायचं. आमचा एवढा ऐसपैस वाडा, आणि यांची तीन खणांची खोली म्हणे मोठं घर!

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचा फोन आला. हुबळी आणि धारवाड ही दोन गावं १९६२ साली एका महापालिकेत आली, आणि आता तर वाढत वाढत आसपासच्या खेड्यांना गिळायला निघाली आहेत. आमच्या जागेलाही गिऱ्हाईक आलं होतं. अडचण एकच होती, मागची माणसं. दादा म्हणाले, “ती खोली आपल्या आजोबांनी वैरणीसाठी बांधली, एवढं दाखवता आलं की झालं. तू तिथंच आहेस. घर कसकसं वाढलं ते नीट लिहून काढ.”

मी निवृत्त शिक्षक. वेळ भरपूर. टेप आणि वही घेऊन कामाला लागलो.

सुरुवात पडवीपासून केली. तिच्या कौलांवर १८६५ असं उमटवलेलं आहे. त्यावरून पडवी तेव्हाची, असं आमच्या घरात सगळेच अभिमानानं सांगत. पण धारवाडला रेल्वे आली तीच मुळी १८८० नंतरच्या दशकात. त्याआधी मंगळूरहून इतकी कौलं घाट चढून कोण आणणार? कौल उतरवून नीट पुसलं, तेव्हा आकड्याजवळ ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ हे नाव दिसलं. १८६५ हे मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला ते साल. पहिल्या महायुद्धात सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते या ट्रस्टकडे गेले. कौलांवर जुनं साल तसंच राहिलं. म्हणजे आमची पडवी महायुद्धानंतरची. एका दुपारी घराचं वय पन्नास-साठ वर्षांनी उतरलं. दादांना हे कळवलं, तर ते हसून म्हणाले, “पुढचं सोड रे, मागचं बघ.”

माजघराच्या मागच्या भिंतीत दरसाल पावसाळ्यात जमिनीपासून आढ्यापर्यंत एक सरळ चीर पडते. दर दिवाळीला आम्ही ती चुन्यानं भरतो, आणि पुढच्या आषाढात ती पुन्हा हजर. या खेपेला गवंड्याला बोलावलं. त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, “मास्तर, ही चीर नव्हे, सांधा आहे. या भिंतीचा दगड त्या भिंतीत गुंतवलेलाच नाही. एक भिंत आधी होती, दुसरी तिला नंतर टेकवली.”

आधीची कुठली, ते त्यानं सांगायची गरज नव्हती. त्या भिंतीत वरच्या अंगाला एक दगडी पन्हळ आहे, तिचं तोंड आमच्या माजघरात. आजी तिला कंदील अडकवायची. मातीच्या माळवदाचं पाणी भिंतीपासून दूर पडावं म्हणून पन्हळ ठेवतात, हे आमच्या भागात पोरालाही ठाऊक असतं. माजघरात पाणी सोडायला पन्हळ कोण ठेवील? ती बसवली तेव्हा तिच्याखाली माजघर नव्हतं. उघडं अंगण होतं.

मग माजघराच्या मधोमध असलेल्या गोल फरशीकडे लक्ष गेलं. तिच्याखाली पेव आहे, इकडे हगेव म्हणतात ते. माझ्या लहानपणी त्यात जोंधळा असे. उघडल्यावर आधी दिवा सोडून बघायचे, दिवा विझला तर माणूस उतरत नसे. आमच्या गावात मी पाहिलेली बाकी सगळी पेवं घरापुढच्या अंगणात आहेत. घर कुणाचं, अंगण कुणाचं आणि धान्य कुणाचं, हे एका ओळीत समोर आलं, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

राहिला कागद. वडिलांच्या पेटीत मोडीतली काही बाडं होती. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ धारवाडातच भेटले. त्यांनी वाचून दाखवलेला एक कागद शके १७९९ चा, ईश्वरनाम संवत्सरातला. म्हणजे १८७६-७७ च्या धातू संवत्सरातल्या दुष्काळाच्या लगेच नंतरचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला, हे मी वर्गात शिकवत आलो होतो. त्यात पुढे दुष्काळ. कागद गहाणखताचा होता. जमीन, ‘तीन खण माळवद व पुढील अंगण पेवासुद्धा’ आमच्या पणजोबांच्या बापानं दीडशे रुपयांत लिहून घेतलं होतं. कुळानं तिथंच राहावं, जमीन कसावी आणि मुदतीत फेड करावी. लिहून देणाऱ्याचं आडनाव अज्जांचं.

फेडीचा कागद पेटीत नव्हता. आम्ही त्यांच्या अंगणात माजघर बांधलं, त्यापुढे सोपा, त्यापुढे पडवी. घर पुढे पुढे वाढत गेलं आणि ज्यांचं ते होतं ती माणसं आपोआप मागे पडली. १९७४ साली कूळकायद्यात दुरुस्ती झाली आणि जमीन अज्जांच्या नावावर झाली, तेव्हा माझे वडील दोन वर्षं या घराची पायरी चढले नव्हते. “आपल्या ताटातलं काढून घेतलं,” असं ते म्हणत. ताट कुणाचं, हे त्यांच्याच पेटीत होतं.

संध्याकाळी अज्जांकडे गेलो. पन्हळ, सांधा, कागद, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“गोत्तित्त री, मास्तर.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“नीव केळलिल्लल्ल,” अज्जा म्हणाले आणि चहा टाकायला सुनेला हाक मारली.

घरी येताना उमगलं. कानडीत दोड्ड म्हणजे मोठं, तसंच थोरलंही. आपण नाही का म्हणत, थोरला भाऊ, थोरलं घर? ते कधी लांबी-रुंदी सांगतच नव्हते. वय सांगत होते. दोन भाषा बोलत वाढलो, पण हा शब्द मी सत्तर वर्षं अर्धाच ऐकत होतो.

दादांना नकाशा पाठवला. बांधकामाला क्रमांक घातले, त्यात मागच्या तीन खणांवर एक आणि पडवीवर चार. सोबत कागदाची प्रत जोडली आणि माझा त्या तीन खणांवरचा हक्क मी सोडतो आहे, असं लिहिलं. तसं नोंदवूनही दिलं. महिनाभर फोन नाही. मग एकदा आला, तोही वहिनींचा. गेल्या दिवाळीला दादा आले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या पडवीत एकाच घरच्या पणत्या लागल्या.

या वर्षी येतो म्हणालेत. जागेचं काय करायचं ते समोरासमोर बोलू म्हणतात. बोलू. या खेपेला मी भिंतीतली चीर चुन्यानं भरलेली नाही. आधी त्यांना माजघरात उभं करून ती पन्हळ दाखवायची आहे.