हुळहुळं बोट

प्रेसमध्ये बोट सापडलेला माणूस माझ्याकडे येतो तोवर जखम बहुतेक भरलेली असते, पण पट्टी सुटलेली नसते. कुणी जुन्या हातमोज्याचं बोट कापून वर चढवलेलं असतं. ते बोट बाकीच्या चारांशी फटकून, ताठ उभं असतं. मी हँड थेरपिस्ट. नाव विचारायच्या आधी हेच बघते.

भोसरीहून येणाऱ्या एका काकांच्या उजव्या तर्जनीचं पुढचं पेर अर्धं गेलं होतं. “मॅडम, वारा लागला तरी करंट बसतो.” शर्टाची बटणं बायको लावून द्यायची.

बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगवेगळे कळतात. पाठीवर त्याला काही सेंटिमीटर लागतात. इतकी बोटाच्या टोकाला मज्जातंतूंची दाटी. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि वाढताना भलत्याच स्पर्शाला बोंब मारतो. बोट पट्टीआड ठेवलं की मेंदूपर्यंत दुसरी काही खबरच जात नाही, फक्त ती बोंब.

म्हणून बोटाला पुन्हा स्पर्शांची सवय लावायची. त्यासाठी माझं कपाट वाण्याच्या दुकानासारखं आहे. रवा, तांदूळ, मसूर, राजमा. शेजारी कापूस, मलमल, टर्किश टॉवेल, गोणपाट. यातलं जे नकोसं वाटतं पण सोसवतं, त्यात बोट चोळायला सुरुवात करायची. दिवसातून चार-पाचदा, पाच-पाच मिनिटं, आणि पेशंटनं स्वतःच्या हातानं. मी चोळलं तर तो अंग चोरतो. स्वतः चोळताना थांबणं त्याच्या हाती असतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मावशींना घाईनं गोणपाटावर नेलं. तीन आठवडे त्या फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा पट्टी दुप्पट जाड झालेली!

एकाच टिकलीएवढ्या जागी टिचकी मारताच वीज चमकत असेल, तर मात्र मी राजम्याच्या नादी लागत नाही. तिथं तंतूची गाठ असू शकते, सर्जनला दाखवावं लागतं. थंडीवरही माझ्या डब्यांत उतारा नाही. पहाटेच्या शिफ्टला गाडीवरून जाणाऱ्यांना हातमोजे घाला म्हणते, एवढंच.

काका पहिला आठवडाभर रव्यातच अडकले होते. मसुरीला शिव्या घातल्या, राजम्याला तर दोनदा नकार. सहाव्या आठवड्यात आले ते पट्टीशिवाय, आणि बसल्या बसल्या शेजारच्याशी पगारावरून वाद घालत होते. शर्टाची बटणं एक घर चुकली होती. मी काही बोलले नाही.