पट्टा आवळण्याचा पहिला दिवस

कफ परेडच्या मच्छीमार नगराच्या तोंडाशी एका जैन कुटुंबाचे किराणा मालाचे दुकान आहे. पहाटे ससून डॉकच्या लिलावाला निघालेल्या कोळिणी चहापत्ती आणि साखर घ्यायला तेथे थांबतात, म्हणून दुकान उजाडण्याआधी उघडते. गल्ल्यावर बसणारे शेठ त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचे होते. उंची ५ फूट ६ इंच, वजन १२८ किलो. मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन आले होते. थोरले बंधू एकोणपन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने झोपेतच गेले आणि त्यांची दोन मुले शेठजींच्या छत्राखाली आली. २००९ च्या डिसेंबरात शेठजींनी जठराभोवती गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला तो या कारणाने. देखणे दिसण्याची हौस त्यात नव्हती.

हा बँड म्हणजे सिलिकॉनचा एक पट्टा. जठराच्या वरच्या टोकाशी तो अंगठीसारखा बसवतात. त्याच्या वर एक लहानशी पिशवी तयार होते आणि खाल्लेले अन्न तिच्यातून सावकाश खाली उतरते. पट्ट्याची आतली बाजू पोकळ असते. तिला जोडलेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका चपट्या डबीपर्यंत येते. या डबीला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढून घेतले की सैल होतो. जठर कापावे लागत नाही, आतडे वळवावे लागत नाही आणि गरज पडल्यास पट्टा काढताही येतो. व्यापारी माणसाला परतीची वाट असलेला सौदा आवडतो. शेठजींनाही तो आवडला.

मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी पट्टा बहुधा रिकामा किंवा जवळजवळ रिकामा ठेवतात, ही गोष्ट घरात कोणाच्याच नीट ध्यानात आली नव्हती. पहिले दोन आठवडे मुगाचे पाणी, पातळ ताक, गाळलेले सूप. पुढचे दोन आठवडे घोटलेले, मऊ अन्न. वजन ११९ किलोवर आले आणि घरात आनंदीआनंद झाला. नंतर नेहमीचे जेवण थोडेथोडे सुरू झाले, तशी भूक परत आली. दोन फुलक्यांनी भागेना, चार आत जाऊ लागले. सहाव्या आठवड्यात काटा १२१ वर गेला. शेठजींच्या पत्नी सहसा बोलत नाहीत, पण त्या रात्री त्यांनी विचारले, "एवढे पैसे घातले, ते पाण्यातच गेले का?" शेठजी गप्प राहिले. मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली एक मुदत ठेव त्यांनी या खर्चासाठी मोडली होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

पहिल्या अॅडजस्टमेंटची वाट पाहणाऱ्या कुटुंबाने हे आधी समजून घ्यावे. सुरुवातीला उतरलेले वजन पातळ आहारामुळे उतरते, पट्ट्यामुळे नव्हे. परतलेली भूक हे अपयशाचे लक्षण नाही. पट्ट्याचे काम अजून सुरूच झालेले नसते. सूज उतरावी, टाके स्थिर व्हावेत आणि पट्ट्याभोवती शरीराने आपले आवरण धरावे, यासाठी साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. त्याआधी घाईने आवळल्यास पट्टा जागेवरून सरकण्याचा धोका असतो.

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची तारीख मिळाली. सकाळपासून पोट रिकामे ठेवायला सांगितले होते. उपवासाची सवय असलेल्या माणसाला त्यात काही जड नव्हते. खुर्चीत बसताच शेठजींनी डॉक्टरांना सांगितले, "साहेब, एकदाच पूर्ण भरून टाका. पुन्हापुन्हा दुकान बंद ठेवणे परवडत नाही." डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "शेठजी, तुम्ही नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सगळी उधारी देता का?" या प्रश्नाने जे काम केले ते छापील माहितीपत्रकाने केले नसते.

प्रत्यक्ष कृती दहा-पंधरा मिनिटांची होती. पाठीवर झोपवून डोके आणि खांदे किंचित उचलायला सांगितले, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट बोटांना लागतो. स्थूल माणसाच्या पोटात तो शोधायला कधी वेळ लागतो. तेव्हा क्ष-किरणांच्या पडद्याखाली हे काम करतात आणि बेरियमचे पातळ द्रावण पाजून ते पट्ट्यातून कसे उतरते तेही पाहतात. त्वचा जंतुनाशकाने पुसून खास टोकाची ह्यूबर सुई टोचली. साधी सुई पोर्टच्या पडद्याचा कण कापून काढू शकते आणि मग तेथून गळती लागते, म्हणून ही सुई वेगळी असते. रक्त तपासायला देताना जेवढे टोचते तेवढेच टोचले. शेठजींच्या पट्ट्यात १० मिलिलिटर मावत होते. त्या दिवशी ३ मिलिलिटर भरले. मग उठवून बसवले आणि पेलाभर पाणी घुटक्याघुटक्याने प्यायला दिले. पाणी छातीत न अडता उतरले. ते अडले असते तर तेथेच थोडे सलाईन काढून घेतले असते. ही पाण्याची परीक्षा झाल्याखेरीज दवाखान्यातून निघू नये.

घरी येताना शेठजींना काहीच जाणवत नव्हते आणि त्यामुळे ते थोडे निराश होते. बहुतेकांचे असेच होते. पहिल्या भरण्याने भूक एकदम मरत नाही. पुष्कळदा हवी तशी पकड यायला तीन-चार खेपा लागतात. शिवाय कधी सूज एक-दोन दिवसांनी येते आणि सैल वाटणारा पट्टा तेव्हा घट्ट वाटू लागतो. म्हणून पहिले दोन दिवस पातळ, मग मऊ, मग घन असा क्रम पुन्हा एकदा पाळावा लागतो. संक्रांतीला मच्छीमार नगरातून ओळखीच्या मावशी तिळगूळ घेऊन दुकानात आल्या. शेठजींनी तो कपाळाला लावून गल्ल्याशेजारी ठेवला. "शेठ, पोट बांधलंत म्हणे? मग आता आमच्या उधारीला तरी मोकळे सोडा," असे एक मावशी म्हणाल्या आणि फळीवर बसलेल्या सगळ्याच हसल्या.

चौथ्या दिवशी पट्ट्याची खरी ओळख झाली. दुकानात गर्दी होती. शेठजींनी मऊ फुलका आणि दुधीची भाजी नेहमीच्या वेगाने तोंडात टाकली आणि तिसरा घास छातीच्या मधोमध दगडासारखा बसला. तोंडाला पाणी सुटले, घाम आला, बोलता येईना. ते तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन उभे राहिले. पुतण्याने घाबरून पाण्याचा तांब्या आणला. शेठजींनी हातानेच नको म्हटले. ते बरोबर केले, कारण अडलेल्या घासावर पाणी ओतले की त्रास वाढतो. दहा मिनिटांत घास फेसासह वर आला आणि मोकळे वाटले. त्यांच्या पत्नीने हे पाहिले मात्र, पैसे पाण्यात गेल्याची भाषा त्या घरातून कायमची गेली. त्या दिवसापासून ताटाऐवजी वाटी आणि मोठ्या चमच्याऐवजी चहाचा चमचा आला. घास वाटाण्याएवढा, चावणे वीस-पंचवीस वेळा, एका जेवणाला अर्धा तास, जेवताना पाणी नाही आणि नंतरचा तासभरही नाही. पोट भरल्याची पहिली चाहूल लागली की ताटलीत उरलेला घासही घ्यायचा नाही. ताटात टाकणे पाप मानणाऱ्या घरात हा शेवटचा नियम फार अवघड गेला. तो सुटला तो आधीच कमी वाढून घेण्याने.

आपल्या स्वयंपाकघरात काय उतरते आणि काय अडते याचा अंदाज अनुभवानेच येतो. मऊ फुलका, चिकट भात आणि ताजा पाव लगद्यासारखे होऊन अडतात. कुरकुरीत खाखरा नीट चावला तर बहुधा सुखाने उतरतो. शाकाहारी माणसाला प्रथिनांची काळजी घ्यावी लागते. मूग, मसूर, हरभरे, पनीर, दही यांचा घास आधी आणि भात-पोळी नंतर. द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही आणि कडधान्य वेगवेगळ्या वेळी घ्यावे, एवढेच. बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. पण खरा चोर वेगळाच आहे. बासुंदी, आमरस, श्रीखंड, साखरेचा चहा यांना पट्टा मुळीच अडवत नाही. जे पातळ आहे किंवा तोंडात विरघळते ते आवळलेल्या पट्ट्यातूनही सरळ खाली जाते. फरसाणाचेही तसेच. लग्नाच्या पंगतीत "दोन फुलके नाही जात, तर एक वाटी रस तरी घ्या" असा आग्रह करणारे नातेवाईक रुग्णाचे हितशत्रूच म्हणायचे, मग ते कितीही प्रेमाने करोत.

व्रतांचा प्रश्न शेठजींनी डॉक्टरांना आणि महाराजसाहेबांना, दोघांनाही विचारला. ते चौविहार आणि नवकारशी पाळत. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. नवकारशीनंतर सकाळी आठला तोंडात पाणी घेतले तर दिवसाचे दहा तास मिळतात. तीन लहान जेवणे आणि त्यांनंतरचे निर्जळ तास वजा केले की सहाही उरत नाहीत. तेवढ्यात दीड-दोन लिटर पाणी, तेही घुटक्यांनी. त्यांनी गल्ल्यावर उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवली आणि दर वीस मिनिटांनी अर्धा पेला हा हिशेब बसवला. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा लाभही झाला, कारण भरल्या पोटी आडवे झाल्यास पट्ट्याच्या रुग्णाला अन्न उलटण्याचा त्रास अधिक होतो. एकासणे मात्र डॉक्टरांनी मना केले: एका बैठकीत जेवढे मावेल तेवढ्यावर दिवस निभत नाही, आणि इन्सुलिन चालू असताना साखर धोकादायक उतरू शकते. महाराजसाहेबांनी तब्येत सुधारेपर्यंत उणोदरीच करा असे सांगितले. भुकेपेक्षा कमी खाणे हे आपल्याकडे बाह्य तपांपैकी एक तप; पण पट्ट्याने कमी खायला लावणे आणि मनाने कमी खाणे यांतला फरक शेठजींना पोत्यांमागे उभे असतानाच कळला होता.

काही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. स्वतःची लाळही गिळता न येणे, पाणी न उतरणे, वारंवार उलट्या, रात्री खोकल्याने जाग येणे, छातीत सतत जळजळ किंवा पोटात तीव्र दुखणे, पोर्टच्या जागी लाली आणि ताप. पट्टा जास्त आवळला असेल तर सलाईन काढून घेणे हाच उपाय, आणि तो त्याच दिवशी करायचा असतो. जेवढे घट्ट तेवढे चांगले हा समज सर्वांत घातक आहे. फार घट्ट पट्ट्याचा माणूस घन अन्न सोडून आइस्क्रीमवर जगू लागतो आणि त्याचे वजन वाढते. योग्य भरण्यानंतर आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरणे पुरेसे समजावे.

शेठजींना त्या वर्षी आणखी तीन खेपा कराव्या लागल्या. वर्षाअखेरीस वजन १०१ किलो होते, इन्सुलिन सुटले होते, गोळ्या राहिल्या होत्या.

फुगवता येणारा बँड न्यू जर्सीचे शल्यविशारद ल्युबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये वापरात आणला. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये तो दुर्बिणीतून बसवला गेला आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०११ मध्ये तेथील वजनाच्या शस्त्रक्रियांत त्याचा वाटा सुमारे ३५ टक्के होता; २०१९ मध्ये तो १ टक्क्यावर आला. पट्टा सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे ही त्याची कारणे. आता जठराचा मोठा भाग काढून नळीसारखे करणारी स्लीव्ह शस्त्रक्रियाच अधिक होते. २०१७ मध्ये चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या महिलेवर झाली ती हीच. आज नव्याने निर्णय घेणाऱ्याने हे सर्व विचारून घ्यावे आणि बँड ठरलाच तर अॅडजस्टमेंटचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, किती खेपांचा, हे लेखी घ्यावे. विम्याच्या प्रमाण अटींनुसार देहभार निर्देशांक ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ लागतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवलेली मर्यादा मात्र अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ होती. त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला असूनही दावा नामंजूर होऊ शकतो. पूर्वमंजुरी आधी मागावी.

ज्यांचा पट्टा जुना आहे त्यांनीही वर्षातून एकदा तपासणी करावी आणि पट्ट्याचा प्रकार, त्यात किती मिलिलिटर भरले आहे आणि शेवटची तारीख यांचे कार्ड पाकिटात बाळगावे. शेठजींचे आहे, त्याची एक नक्कल दुकानाच्या वहीत, पुतण्याच्या हाताने उतरवलेली.