न्हाणी फोडावी की बुजवावी?

कृषी खात्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. लोक कपाशीवरची अळी दाखवायला बोलावतात आणि शेतावरून परतताना हळूच घरातलेही काही दाखवतात. त्यात गळकी न्हाणी बरेच वेळा असते.

न्हाणीची फरशी तडकली की घरात दोन पक्ष पडतात. गवंडी म्हणतो, सगळी उखडा. घरधनी म्हणतो, मूठभर सिमेंट फासू, पुढचे पुढे. दोघेही नुसती चीर पाहून बोलतात. पाहायचे असते ते चिरेच्या खाली.

गेल्या वर्षी मे महिन्यात परभणीकडच्या एका गावी सोयाबीनची उगवणशक्ती तपासायला गेलो होतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून झाले, तेव्हा आबांनी न्हाणी दाखवली. शहाबादी फरशीला चीर, आणि कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी चढलेली दुसरी. गवंड्याने सांगितलेला खर्च म्हणजे बियाण्या-खताचा सगळा पैसा.

मी म्हटले, "आबा, बियाणं तपासल्याशिवाय पेरत नाही तुम्ही. मग न्हाणी तपासल्याशिवाय का फोडता?"

रात्री मोरीचे तोंड चिंध्यांच्या बोळ्याने घट्ट बंद केले. चार बोटे पाणी भरले, त्यात कपड्यांची नीळ टाकली आणि पातळीवर कोळशाने रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेखाली दोन बोटे! एका रात्रीत एवढे पाणी हवेत उडत नाही. बाहेर भिंतीच्या पायाशी, जिथे वैशाखातही गवत हिरवे होते, तिथे निळसर ओल उमटली होती. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटायचं गवत आपसूक येतंय." मग काठीने फरशी ठोकून पाहिली. सगळीकडे टणक आवाज, मोरीजवळच्या दोन मात्र बद्द वाजल्या.

म्हणजे दोनच उखडायच्या. खाली मुरूम ठोकायचा, एकास तीन सिमेंट-वाळूत बसवायच्या आणि सात दिवस ओल्या ठेवायच्या. तोवर आंघोळी गोठ्याकडे.

भिंतीचे प्रकरण वेगळे होते. आपली काळी जमीन पाण्याने फुगते, वाळली की आकसते. एकाच कोपऱ्याला रोज पाणी मिळाले की तेवढाच कोपरा हलतो आणि वरची भिंत तिरपी फाटते. चीर जिवंत आहे का, हे काचेवरून कळते. चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटवायची. काच फुटली तर हालचाल चालू आहे. अशा चिरेवर गिलावा करणे म्हणजे पैसे पाण्यात.

इथे तर भिंत दगड-मातीची, आणि खाली पोट काढलेली. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना अशा भिंतीचे वजन सांगायला नको. आणि पलीकडे त्याच भिंतीला लागून आजींची बाज! काच लावली, पण तिची वाट न पाहता बाज आधी हलवायला लावली आणि भिंतीला टेकू दिले. आजी माझ्याशी बोलेनात. पन्नास वर्षांची जागा होती ती.

मोरीचे पाणी पाइपाने पंधरा फूट लांब केळीला नेले. पेरणी वेळेवर झाली. काच जुलैत फुटली. दिवाळीनंतर आबांनी ती भिंत पायापासून नव्याने बांधली. फरशी, त्या दोन सोडल्या तर, जुनीच आहे.

आजी मात्र आता ओसरीवरच झोपतात. वारा चांगला लागतो म्हणतात.