कान दुखत नाही म्हणून

नवरात्र आणि कोजागरी उरकली की तुळजापुरात कान वाहणाऱ्यांची गर्दी सुरू होते. कल्लोळ तीर्थात बुडी मारलेली असते, गोमुखाखाली डोकं धरलेलं असतं. पडद्याला आधीच भोक असेल तर पाणी आत शिरतं आणि चार दिवसांत पू येतो. मग दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "भोक केवढं आहे?" मला मात्र ते कुठं आहे हे आधी बघायचं असतं.

कानाचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटरचा, जाडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा. थप्पड बसून ताजा फाटलेला पडदा बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपला आपण भरून येतो. तिथं कान कोरडा ठेवून वाट पाहायची आणि गोड तेल कोमट करून घालणाऱ्या आजीला हात जोडायचे.

वर्षानुवर्षं फुटलेल्या कानाचं तसं नाही. संबळ वाजवणारा एक गोंधळी आला होता. भोक पडद्याच्या मधोमध, कान कोरडा. संबळाचं कातडं फाटलं तर घुमणार कसं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. भोकावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवला आणि ऐकण्याची तपासणी पुन्हा केली. "आता चोख आलं!" तो म्हणाला. म्हणजे आतली तीन हाडं शाबूत होती. कागद लावूनही फरक पडला नसता, तर हाडांची साखळी तुटली असण्याची शंका घ्यावी लागली असती. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या दोन रेघा असतात. त्यांच्यातलं अंतर ऑपरेशनने भरता येतं. नसच कमजोर असेल तर नवा पडदा ऐकू आणून देत नाही, तिथं यंत्रच लागतं.

१६४० साली मार्कुस बान्झर या जर्मन वैद्याने डुकराच्या मूत्राशयाचं पातळ कातडं नळीवर ताणून कानात बसवलं होतं. आज आम्ही कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पांढरं आवरण काढून पडद्याला लावतो. कोरड्या कानात दहापैकी आठ-नऊ जणांचा पडदा धरतो. या गोंधळ्याला मी ऑपरेशन सुचवलं, कारण त्याचं पोट कानावर आहे. पण घाई नव्हती; नवरात्राचा हंगाम होऊ दिला. त्याला तोच एक कान ऐकू येत असता, तर मी सहसा हात लावला नसता. ऑपरेशनमध्ये नसेला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी असतोच.

खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच पेशंटची. एक मावशी आल्या, लेकीने ओढून आणलेल्या. "थोडंसं पाणी येतंय, वास मारतो, पण दुखत नाही. ऐकूबी येतंय की!" दुर्बिणीतून पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात खळगा दिसला आणि त्यात मोत्यासारखे पांढरे पापुद्रे. हा कोलेस्टिॲटोमा. कातडीची पिशवी आत वाढत जाते आणि हाड खाते. पुढं चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा भाग, मेंदूचं आवरण, सगळं वाटेवर. तिथं ऑपरेशन हा आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

लेकीने स्क्रीन बघितली आणि विचारलं, "ऑपरेशननंतर ऐकायला चांगलं येईल ना?" इथं गोड बोलून चालत नाही. कधी कधी हाड खाऊन झाल्यावर ती पिशवीच आवाज पुढं पोचवत असते. ती काढली की ऐकणं कमीसुद्धा होऊ शकतं.

"मग चांगला कान कशाला बिघडवायचा?" मावशी म्हणाल्या.

मी सांगितलं, "मावशी, हे ऑपरेशन ऐकू येण्यासाठी नाही. आतली कीड काढण्यासाठी आहे. ऐकण्याचं नंतर बघू. हाडाच्या जागी कृत्रिम हाड बसवता येतं, नाहीतर यंत्र आहे." वर्षभराने कान पुन्हा उघडून आत काही उरलं नाही ना ते पाहावं लागेल, हेही त्याच वेळी सांगितलं. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि आईला ऑपरेशनसाठी सोलापूरला कधी न्यायचं ते विचारलं.