कॅप्टन बॉयकॉटचं क्रियापद

आडनावाचं क्रियापद व्हावं, आणि तेही हयातीत! चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉटला मात्र त्यात कौतुक वाटण्यासारखं काही नव्हतं.

लष्करात काही काळ काढलेला हा गृहस्थ आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभारी होता. १८७९ साली पिकं बुडाली. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहावर अडून बसला, कारभाऱ्याने जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयरिश पुढारी पार्नेलने एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो कसायला घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी सगळा व्यवहार तोडा. मेयोकरांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावरच केला. गडीमाणसं निघून गेली, लोहार काम करेना, धोबीण कपडे घेईना, बॅलिनरोबचे दुकानदार सामान देईनात. उभं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई. पाचेकशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले, असा तेव्हाचा अंदाज. त्यापेक्षा ती सूट देणं स्वस्त पडलं असतं! डिसेंबर उजाडताच बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

शब्द घडवला तो फादर जॉन ओ'मॅली यांनी, असं अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ सांगतो. वाळीत टाकण्यासाठीचा ‘ऑस्ट्रसिझम’ हा भारदस्त शब्द शेतकऱ्यांच्या पचनी पडणार नाही, म्हणून फादरनी थेट कारभाऱ्याचं नावच सुचवलं. काही आठवड्यांत तो लंडनच्या वर्तमानपत्रांत आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही रुळला.

१९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर विलायती मालावर बहिष्काराची हाक उठली. टिळकांच्या चतुःसूत्रीतही बहिष्कार आहे. पण आपल्याकडे हा शब्द जुना, आणि त्याचा वार बहुधा उलट दिशेने. गावकीने, जातपंचायतीने दुबळ्यालाच वाळीत टाकायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. मेयोत कुळांनी मालकाच्या माणसाची कोंडी केली. इथे बलवंतांनी पाणवठा, किराणा, लग्नकार्य बंद केलं. दोन्हींना एकाच शब्दाने तोलणं अन्यायाचं आहे.

दुसऱ्या प्रकाराला महाराष्ट्रात आता ‘आपसातला मामला’ म्हणता येत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.